बाण कुणी धरायचे

१

लोक जे सांगतात त्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. मी एका विमा कंपनीत दावे तपासतो. जळालेली दुकानं, चेपलेल्या गाड्या, पाण्यात गेलेलं सामान बघायचं, आणि समोरचा माणूस रडवेला होऊन बोलत असताना त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे पाहायचं, हे माझं काम. हा स्वभाव ऑफिसातल्या खुंटीवर टांगून घरी येत जा, असं बायको मला सांगत आली आहे.

ऑफिसचे जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले तेव्हा त्यातला एक मी मागून घेतला. जाडजूड शब्दकोशाएवढा डबा. घरी आणून बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्र पसरलं आणि तो उघडला. पंख्याखाली धुळीची गादी झाली होती, ती ब्रशनं काढली. प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. कुरकुरणारी जुनी डिस्क काढून छोटी नवी बसवली, आणि दुसऱ्या एका मेलेल्या डब्यातली मेमरी यात खोचली. पेन ड्राइव्हवरून फुकटची सिस्टिम चढवली, त्यावर जुन्या खेळयंत्रांची नक्कल करणारा प्रोग्रॅम. साधा गेमपॅड बाजारातून आणला. डबा टीव्हीच्या मागे गेला आणि वायरींचा गुंता पडद्याआड.

"आणखी एक डबा?" बायको दारातून म्हणाली. "आता टीव्हीनं सोफ्यावर बसावं आणि आपण स्टँडवर."

पण चेष्टा करून ती आत गेली ती दादासाठी उशी घेऊनच आली. हा सगळा खटाटोप दादासाठी होता, हे तिला माहीत होतं.

दादा माझा थोरला भाऊ. बेकरीत केकवर अक्षरं काढायचं काम तो करायचा. क्रीमची पिशवी उजव्या मुठीत धरून तो एका दमात कुणाचंही नाव असं लिहायचा, की कापणाऱ्याला सुरी लावायचा धीर होऊ नये. त्यानं लग्न केलं नाही. कारण विचारलं की म्हणायचा, "रोज दुसऱ्यांच्या लग्नाचा केक करतो, त्यातच पोट भरतं." मग पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र गेला. आम्ही त्याला आमच्याकडे आणलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. जेवणाचं ताट अर्धं परत यायचं. हाताचे व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओबाईंना तो एकदा शांतपणे म्हणाला, "तुम्ही कशाला येता? माणूस गेलाय, घर रिकामं आहे." हात गेला तर गेला, पण दादा जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

२

लहानपणी आमच्याकडे एक खेळयंत्र होतं आणि त्याचा एकच पॅड चालायचा. त्यावरून इतक्या मारामाऱ्या झाल्या, की शेवटी वडिलांनी फर्मान काढलं: दोघं मिळून खेळा, नाहीतर यंत्र कपाटात. मग आम्ही पॅड वाटून घेतला. डावीकडचे बाण माझे, उजवीकडची बटणं दादाची. मी पळवायचो, तो उडी मारायचा. मांडीला मांडी लावून बसायचो, मधे पॅड, आणि त्याचा मोकळा डावा हात माझ्या गळ्यात. लोकांना ते वेड्यासारखं वाटायचं. आम्हाला एकट्यानं खेळताच यायचं नाही.

आमचा आवडता खेळ होता टोपीवाला. त्याचं खरं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. एक छोटा टोपी घातलेला माणूस छपरांवरून पळतो आणि किल्ल्या गोळा करतो, एवढंच. तो मी शोधून काढून डब्यात घातला होता.

माझा बेत असा होता, की आता दादानं डाव्या हातानं बाण धरायचे आणि बटणं मी दाबायची. पण संध्याकाळी चहाचा कप घेऊन बसलो तो सवयीनं डावीकडेच बसलो. पॅड आमच्या मधे गादीवर होता. खेळ सुरू झाला, तशी ती चिरकी धून वाजली, आणि माझा अंगठा आपोआप बाणावर गेला. टोपीवाला पळाला. छपराची कड आली आणि मी जुन्या सवयीनं ओरडलो, "उडी!"

त्यानं उडी मारली.

तिसऱ्या-चौथ्या छपरावर पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझ्या उजव्या हातात चहाचा कप आहे. दादाचा उजवा हात त्याच्या मांडीवर पडलेला होता, बोटं आत वळलेली, वाळत घालायच्या राहिलेल्या हातमोज्यासारखा. पॅडच्या उजव्या बाजूला कुणाचाच हात नव्हता.

मी थांबलो. टोपीवाला कडेवर उभा राहिला.

"थांबलास काय?" दादा म्हणाला. "आणि अजून थोडं पुढे आणत जा, मला उडी आखूड पडते."

तो हसत होता. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

३

दुसऱ्या दिवशी मी माझं काम केलं. बटण अडकलंय का ते पाहिलं, अडकलं नव्हतं. प्रोग्रॅममध्ये आपोआप बटण दाबायची सोय असते, ती बंदच होती. पॅड खोलला, बटणाखालचं रबर काढून खिशात टाकलं आणि पॅड बंद केला. आता ते बटण कुणी हातोडीनं दाबलं असतं तरी काही झालं नसतं. टोपीवाला उड्या मारत राहिला.

दादा अंघोळीला गेला की उड्या थांबायच्या. तो परत येऊन सोफ्यावर टेकला, की सुरू व्हायच्या. म्हणजे याचा संबंध दादाशी होता. एका परीनं मला बरं वाटलं, कारण नियम असलेली गोष्ट मला सहन होते.

"तुला काही जाणवतं का?" मी विचारलं.

"हात जाणवतो," तो म्हणाला. "इथला नाही. तिकडचा. बोटं मोकळी आहेत रे एकदम. क्रीमची पिशवी दिली ना, तर आत्ता लिहून दाखवीन."

"तिकडे म्हणजे कुठे?"

त्यानं हनुवटीनं टीव्हीकडे खूण केली आणि म्हणाला, "झालं ना? मग खेळ."

त्या रविवारी दुपारी खेळता खेळता दादाचा डोळा लागला. मान छातीवर, घोरणंसुद्धा सुरू. मी मुद्दाम टोपीवाल्याला कडेपर्यंत नेलं. त्यानं उडी मारली. बरोबर वेळेवर, जरासुद्धा आखूड नाही. दादाला इतकी चांगली उडी कधीच जमली नव्हती. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि दादा जागा होईपर्यंत बाणाला हात लावला नाही.

"तू झोपला होतास," मी म्हटलं. "मग कोण खेळत होतं?"

"मला काय ठाऊक?" दादा डोळे चोळत म्हणाला. "हात माझा आहे, एवढं कळतं."

४

मी तो डबा तेव्हाच काढायला हवा होता, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं दादाला भिंतीकडे तोंड करून झोपलेला पाहिलेला नाही. आता तो सकाळी उठून स्वतः दाढी करायचा. पुरं जेवायचा, वर बायकोच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करायचा, आणि त्या कुरकुरीनं तिचे डोळे भरून यायचे. मी संध्याकाळी घरी येईपर्यंत त्याला दम निघत नसे. डाव्या हातानं बाण धरून तो एकटाच खेळायला बसायचा.

फिजिओबाई मात्र गप्प होत चालल्या होत्या. उजव्या हातात काही फरक नव्हता, उलट तो गार पडत होता. मग एकदा जेवताना दादाच्या डाव्या हातातला चमचा निसटला. आम्ही तिघंही हसलो. पुढच्या आठवड्यात पेला निसटला, तेव्हा कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या, डोक्याचा फोटो काढला. नवीन काही नाही, म्हणाले. तरी डावा अंगठा वळेना.

बायको एका शाळेच्या ग्रंथालयात सकाळपाळीचं काम करते, दुपारी घरी येते. एकदा तिनं मला ऑफिसात फोन केला. ती एरवी असा फोन करत नाही.

"अहो, तुमचा तो पॅड किती लांबून चालतो?"

"वायरीचा आहे. वायर असेल तेवढ्याच लांबून. का?"

"तो स्टँडवर गुंडाळून ठेवलाय. मीच ठेवला सकाळी." ती आवाज दाबून बोलत होती. "भाऊजी सोफ्यावर बसलेत. दोन्ही हात मांडीवर. आणि तो माणूस पळतोय. पळतोय पण आणि उड्या पण मारतोय. तुम्ही या बरं घरी."

५

मी आलो तेव्हा खोलीत छान ऊन आलं होतं. खिडकी उघडी होती, खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. भीती वाटावी असं त्या खोलीत काहीच नव्हतं. दादा टीव्हीकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मला त्याला हाक मारवेना. त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. पडद्यावर टोपीवाला मागे वळायचा, पुढे जायचा, किल्ली उचलायचा.

मी स्टँडमागे हात घातला आणि डब्याची पिन उपसली. पडदा काळा झाला.

"दिवा का घालवलास?" दादा ओरडला. खोली उन्हानं भरलेली होती. "अरे, अंधार झाला! माझे हात दिसत नाहीत मला! अरे, तिकडे कुणीतरी आहे, त्यानं धरलेत हात—"

मी त्याच्याकडे वळलो, आणि वळताना काळ्या पडद्यात आमची खोली मला दिसली. काचेत जशी दिसते तशीच, थोडी अंधूक. खिडकी, दारात तोंडावर हात ठेवून उभी असलेली बायको, सोफा, सोफ्यावर दादा. त्याच्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या खांद्यापासून खाली चपट्या लोंबत होत्या. त्यांत काहीही नव्हतं.

मी मान वळवून पाहिलं. सोफ्यावर दादा होता, दोन हातांचा.

मी पिन परत खोचली. मला अजूनही स्वतःचा राग येतो, पण त्या ओरडण्यापुढे दुसरं काही सुचलं नाही. टोपीवाल्याची धून वाजली तसा दादा हळूहळू शांत झाला. बायकोनं त्याचा घाम पुसला.

६

"बाण कुणी धरेना," दादा म्हणाला. तो लाजल्यासारखा बोलत होता. "तू ऑफिसात असतोस. एकट्यानं दोन्ही करायचं म्हणजे दोन्ही हात द्यावे लागतात ना. तू बसत होतास तेव्हा डावा हात ठीक होता माझा."

हे कुठल्याही दाव्याच्या अर्जावर लिहून कुणी माझ्याकडे आणलं असतं, तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण तारखा आठवून पाहिल्या, तर तसंच होतं. मी रोज बाण धरत होतो तोवर दादाचा डावा हात धडधाकट होता. तो एकटा खेळायला लागला आणि हात जायला लागला.

मग मी ठरवलं. ऑफिसातून निघालो की थेट घरी, हातपाय धुऊन सोफ्यावर डावीकडे. बाण मी धरायचे. बायकोला एवढंच म्हटलं, की बघू या. ती नुसती माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

दादाचा डावा हात परत यायला लागला. आधी अंगठा, मग मूठ. फिजिओबाई तर टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. काही दिवसांनी त्यानं हात उचलून माझ्या गळ्यात टाकला, आणि पडद्यावरचं मला काही दिसेना. बेकरीवाल्यानं निरोप पाठवला, की डाव्या हातानं जमतंय का बघ, वाकडं आलं तरी आपली गिऱ्हाइकं सांभाळून घेतील. दादा सकाळी दोन तास जायला लागला. त्याची नवी अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी होती. आणि लोकांना तीच आवडायला लागली.

मी मात्र रोज उठलो की डाव्या हाताची मूठ वळून बघायचो. दादा खेळतो तसा मीही खेळत होतो, मग माझी पाळी कधीतरी येणारच. मी मनाची तयारी केली होती. भीती वाटायची, पण भावासाठी हात देणं मला कबूल होतं. पहिल्या आठवड्यात अंगठा जरा बधिर वाटला, मग तेही गेलं. महिने उलटले, माझ्या हाताला काही म्हणजे काही झालं नाही. मी सुटलो, असं मी मानायला लागलो. कदाचित तिकडच्या त्याला दोन माणसं पुरत असतील. कदाचित मला घाबरायची हौसच असेल. त्या दिवसांत आमचं घर इतकं आनंदात होतं, की बायको अचानक केस बारीक कापून आली तेव्हा मी तिची यथेच्छ चेष्टा केली. वेणी घालायचा कंटाळा आला, म्हणाली.

७

एका दाव्याचा माणूस आयत्या वेळी माघार घेऊन गेला, म्हणून मी दुपारीच घरी आलो. दादा बेकरीतून परतला होता. सोफ्यावर उजवीकडे बसून तो डाव्या हातानं चहा पीत होता. त्याच्या शेजारी गादीवर पॅड होता. डावीकडची जागा रिकामी होती.

टोपीवाला छपरावरून पळत होता. डावीकडे, उजवीकडे, मग कडेवर, उडी.

मी दादाच्या कपाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बॅगेकडे. बॅग मी डाव्याच हातात धरली होती, चांगली घट्ट.

"दादा, बाण कुणी धरलेत?"

त्यानं कप खाली ठेवला. मान वर केली नाही. "मी नको म्हटलं होतं रे तिला," तो म्हणाला. "हात जोडायचे तर तेही धड जोडता येत नाहीत मला."

मी स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्याशी उभी राहून पाव कापत होती. पाव तिनं डाव्या कोपराखाली दाबून धरला होता, सगळं अंग त्या बाजूला कलतं करून. कोपराखालचा हात ओट्याच्या कडेवरून खाली लोंबत होता. सुरी चालली की तोही हलायचा.

"लवकर आलात," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"तुम्ही बसायला लागलात त्याच आठवड्यापासून. तुम्ही झोपला होतात, मी तुमचा अंगठा हातात घेतला तर बर्फासारखा." ती सुरी चालवतच होती. "मग दुपारी मी बसायला लागले. आधी माझ्यावर त्यानं पोट भरून घेतलं, की संध्याकाळी तुम्हाला हात लावत नाही. एवढं कळलं मला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बसू दिलं असतं?" आता ती थांबली. तिच्या आवाजात राग होता आणि तो माझ्यावर होता. "लोकांची जळालेली दुकानं सतरा वेळा तपासता. हात पुरता गेल्यापासून महिनाभर मी एका हातानं वाढतेय तुम्हाला."

मी तिचा तो हात उचलून दोन्ही हातांत घेतला. तो गार होता, आणि माझ्या हातातला हात माझ्या बायकोचा नाही, हे मला स्पष्ट कळत होतं. अंगठीच्या बोटासकट सगळा तिचाच होता, तरी कळत होतं.

"मी तो डबा आत्ता फोडतो," मी म्हटलं.

"आणि मग मी कुठे शोधू?" ती म्हणाली. "माझा हात आहे तिकडे. अंधारात ठेवून येऊ? भाऊजींचं ओरडणं ऐकलंय मी." तिचा चेहरा क्षणभर मोडला आणि तिनं तो पुन्हा सावरला. "तो वाईट नाही हो. नुसता धरून बसतो. सोडत नाही, एवढंच."

"कोण?"

बाहेरच्या खोलीत ती चिरकी धून नव्यानं सुरू झाली. तिच्या खांद्याला हलकासा झटका बसला, कुणी हात धरून पुढे ओढावं तसा, आणि ती ओट्यावर टेकून तो जायची वाट पाहत राहिली. मग तिनं कोपर पावावरून काढलं.

"धरा जरा," ती म्हणाली. "सरळ येत नाहीत काप."

मी दोन्ही हातांनी पाव धरला आणि ती कापायला लागली.